'ख्मेर' म्हणजे कोण?

'ख्मेर' हा शब्द आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडला तो वर्तमानपत्रांतून, आणि तोही 'रूज' हे शेपूट लावूनच. 'ख्मेर रूज' म्हटले की डोळ्यांपुढे कवट्यांचे ढीग उभे राहतात. त्यामुळे ख्मेर हे एखाद्या पक्षाचे किंवा टोळीचे नाव असावे, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. ख्मेर हे कंबोडियातील बहुसंख्य लोकांचे, त्यांच्या भाषेचे आणि लिपीचे नाव आहे. 'रूज' हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ तांबडा. १९६० च्या दशकात तेथील सत्ताधीश नरोदम सिहानूक यांनी आपल्या साम्यवादी विरोधकांना 'तांबडे ख्मेर' असे नाव ठेवले आणि तेच जगभर रूढ झाले. विरोधकांना ठेवलेल्या या नावामुळे सगळ्या समाजाचेच नाव काळवंडले.

२०२४ सालच्या ऑक्टोबरअखेर, कठीण चीवरदानाच्या दिवसांत, आम्ही नऊजण कंबोडियाला जाऊन आलो. गोदीतले, बँकेतले, पालिकेतले नोकरदार आणि दोन निवृत्त शिक्षिका असा आमचा मेळा होता. दोन वर्षे भिशी लावून पैसे जमवले होते. अंगकोरच्या वास्तूंविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही मात्र तेथे एका शब्दाचा माग काढीत हिंडलो. वाचक बंधू-भगिनींसमोर आज तोच वृत्तांत ठेवीत आहोत.

लिहिताना 'र', बोलताना नाही

सियाम रीप हे अंगकोरजवळचे गाव. तेथे आमच्या वाटाड्याने पहिल्याच दिवशी आमचा उच्चार सुधारला. 'ख्मेर' नव्हे, 'ख्माए'. लिहिताना शेवटी 'र' असतो, पण आजच्या कंबोडियात तो उच्चारला जात नाही. सीमेपलीकडे थायलंडच्या सुरीन जिल्ह्यातील ख्मेर लोक मात्र तो 'र' अजून स्पष्ट उच्चारतात. म्हणजे राजधानीत झिजलेले अक्षर खेड्यापाड्यांनी जपून ठेवले आहे. आपल्याकडेही जुने शब्द शहरात नाही, आजीच्या तोंडीच सापडतात.

शेजाऱ्यांनी हा शब्द आपापल्या जिभेप्रमाणे वळवला. थाई लोक 'खमेन' म्हणतात. तांग काळातील चिनी लेखकांनी तो 'जी-मिए' असा लिहिला, अरब प्रवाशांनी 'किमार' असा. आपण 'कंबोडिया' म्हणतो ते युरोपियनांचे वळण आहे. देशाचे तिथले नाव 'कम्पुचिया', मूळ 'कम्बुज'. पण बाजारात, शेतात, टुकटुकवर माणसे आपल्या मुलखाला 'स्रोक ख्माए' म्हणतात. स्रोक म्हणजे मुलूख.

'अंगकोर' हा शब्दही आपल्याला परका नाही. नगर, नोकोर, अंगकोर असा त्याचा प्रवास आहे. लिपी दक्षिण भारतातील पल्लव लिपीवरून घडलेली. ख्मेर भाषेतील सालासह कोरलेला सर्वांत जुना ज्ञात लेख अंगकोर बोरेई येथील, इ.स. ६११ चा. मेकाँगकाठच्या संबोर येथील दुसऱ्या एका लेखात शके ६०५ हे साल असून त्यातले शून्य टिंबाने दाखवले आहे. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जे शके छापलेले असते, तेच हे शके. ते पाहून आमच्यातील बँकवाले गृहस्थ मनापासून खूष झाले.

कम्बू आणि मेरा

ख्मेर हा शब्द आला कुठून? अंगकोर थोमच्या दक्षिण दरवाजाबाहेर बाक्सेई चामक्रोंग नावाचे छोटे, उंच देऊळ आहे. पायऱ्या इतक्या खड्या की आमच्यापैकी दोघेच वर गेले. त्याच्या दाराच्या चौकटीवर दहाव्या शतकाच्या मध्यातला संस्कृत लेख आहे. त्यात राजघराण्याचे मूळ कम्बू स्वायंभुव नावाचा ऋषी आणि मेरा नावाची अप्सरा यांच्यापर्यंत नेले आहे. कम्बूपासून जन्मलेले ते कम्बुज. पुढे लोकांनी कम्बू आणि मेरा ही दोन नावे जोडून 'ख्मेर' झाले, असे सांगायला सुरुवात केली.

गोष्ट गोड आहे. पण फ्रेंच विद्वान जॉर्ज सेदेस यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे उलटे तपासले. त्यांच्या मते मेरा ही अप्सरा बहुधा 'ख्मेर' या शब्दाचा उलगडा करण्यासाठीच कल्पिली गेली. लोक आधी होते, त्यांचे नावही होते. राजाला थोर वंशावळ हवी झाली, तेव्हा ऋषी आणि अप्सरा आणल्या गेल्या. ज्यांच्या इतिहासावर दुसऱ्यांनी कथा रचल्या, त्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. आपल्या ग्रंथांत 'कंबोज' येतो. सोळा महाजनपदांत तो आहे, सम्राट अशोकाच्या शिलालेखातही आहे. तो कंबोज वायव्येकडचा, आजच्या अफगाणिस्तानाच्या बाजूचा. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात तथागत त्या तरुण ब्राह्मणाला विचारतात की योन आणि कंबोज देशांत मालक आणि दास असे दोनच वर्ण आहेत, मालकाचा दास होतो आणि दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाचा बुडबुडा फोडणारा तो प्रश्न होता. पण तो कंबोज म्हणजे हा कम्बुज नव्हे. केवळ नावे सारखी वाटतात म्हणून दोन देश एक करू नयेत.

नागकन्येचा पदर

दुसरी कथा लोकांना अधिक जवळची आहे. समुद्रापलीकडून एक पुरुष आला, त्याचे नागराजाच्या कन्येशी लग्न झाले आणि त्यांच्यापासून राज्य सुरू झाले. सातव्या शतकातील चंपा देशाच्या एका संस्कृत लेखात त्यांची नावे कौण्डिन्य आणि सोमा अशी आहेत. तिसऱ्या शतकात आलेल्या चिनी वकिलांनीही अशीच हकीकत लिहून ठेवली. त्यांच्या हकिकतीत ही स्त्री कोणाची तरी कन्या म्हणून येत नाही, ती स्वतःच त्या मुलखाची राणी आहे. सामान्य लोक आज या जोडप्याला प्रेआ थोंग आणि नेआंग नेआक म्हणतात. सासऱ्याने समुद्राचे पाणी पिऊन जमीन कोरडी केली आणि ती मुलीला आंदण दिली, अशी समजूत आहे.

लग्नात नवरा मुलगा नवरीच्या उपरण्याचे टोक धरून तिच्यामागून चालतो, ते याच कथेची आठवण म्हणून. सियाम रीपमध्ये मांडवाशेजारून जाताना आम्ही ते पाहिले. घर तिचे, जमीन तिची, तो पाहुणा. आमच्यातील शिक्षिकाबाई हसून म्हणाल्या, "हे आमच्या जावयांना दाखवायला हवं."

नाग हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे. १९५६ साली दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना बाबासाहेबांनी बुद्ध धम्म पसरवणाऱ्या नागलोकांची आठवण करून दिली होती. ख्मेरांचे नाग आणि आपले नाग एकच, असे कोणी म्हणू नये. पण अंगकोरच्या प्रत्येक पुलाच्या कठड्यावर फणा काढून बसलेला नाग पाहताना आमची पावले थबकली, हे खरे.

विहारात ऐकलेला अर्थ

तिसरा अर्थ आम्हाला एका साध्या विहारात मिळाला. कठीणाच्या दानासाठी गावकरी तांदूळ, साबण, वह्या, चीवर घेऊन आले होते. तेथे उपासकांचे पुढारपण करणाऱ्या वृद्ध गृहस्थांना 'आचार' म्हणतात. शब्द आपल्या 'आचार्य'चाच. आम्ही त्रिसरण म्हटले, त्यांनीही म्हटले. उच्चार निराळे, गाथा त्याच. दोन्ही बाजूंना हसू आले आणि डोळेही ओले झाले.

ख्मेर म्हणजे काय, असे विचारल्यावर त्या आजोबांनी वाटाड्याच्या तोंडून सांगितले, "खेम. ज्याला भय नाही तो." पाली 'खेम' म्हणजेच आपला 'क्षेम'. आपण 'क्षेमकुशल' विचारतो, 'योगक्षेम' चालवतो, तोच हा शब्द. महामंगल सुत्ताच्या शेवटाकडे उत्तम मंगल सांगताना हा शब्द येतो. आपल्याकडे प्रत्येक विहारात ते सुत्त म्हटले जाते आणि तेथेही म्हटले जाते. तेथील पोथ्यांत ख्मेर देशाला 'खेमर' असे पाली वळणाचे रूप दिलेले आढळते.

भाषाशास्त्राच्या कसोटीवर हा अर्थही टिकत नाही. जुन्या कोरीव लेखांत हा शब्द 'क्मेर' असा दिसतो. तो त्यांच्या स्वतःच्या, मोन-ख्मेर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषाकुळातला आहे, पालीतून आलेला नाही. तेराव्या-चौदाव्या शतकांत थेरवाद घरोघर पोचला, त्यानंतर भिक्खूंनी आणि पंडितांनी त्याला पालीचे रूप दिले असावे. पण आम्हाला त्यात एक फरक दिसतो. कम्बू-मेराची कथा राजाचा वंश थोर ठरवण्यासाठी होती. 'खेम' हा अर्थ धान आणि मासे यांवर जगणाऱ्या माणसांनी जवळ केला. तो त्यांचा इतिहास नाही, पण त्यांची इच्छा मात्र आहे.

'मी' म्हणजे दास

या भाषेतल्या आणखी दोन शब्दांनी आम्हाला झोप येऊ दिली नाही. ख्मेरमध्ये 'मी' या अर्थी 'ख्ञोम' म्हणतात. शाळकरी पोर, मंत्री, भाजीवाली सगळे स्वतःला ख्ञोमच म्हणतात. जुन्या लेखांत हाच शब्द देवळाला वाहिलेल्या दास-सेवकांसाठी आहे. अमक्याने देवाला इतकी भातशेते, इतकी गुरे, इतके दास दिले, अशा याद्या दगडावर कोरल्या आहेत. काही याद्यांत दासांची नावे 'कुत्रा', 'मांजर', 'घाणेरडा' अशा अर्थाची आहेत. आम्ही एकमेकांकडे पाहिले. कचरू, धोंडू, दगडू ही नावे आमच्या आज्या-पणज्यांच्या घरांत होती. काही नजर लागू नये म्हणून ठेवलेली, तर काही गावाने लादलेली.

दुसरा शब्द 'चिएत', म्हणजे पाली-संस्कृत 'जाति'. ख्मेरमध्ये त्याचा अर्थ राष्ट्र. देशाच्या ब्रीदात राष्ट्र, धर्म आणि राजा हे तीन शब्द आहेत, त्यातले पहिले हेच. आपल्याकडे ज्या शब्दाने माणसामाणसांत भिंत घातली, तो तेथे सगळ्या देशाचे नाव झाला आहे. हे ऐकून बरे वाटले. पण पुढे फ्नोम पेन्हला गेल्यावर कळले की या शब्दालाही धार आहे.

अंगकोरचे वैभव पाहताना कारकुनी नजर हिशेबाकडे जातेच. ता प्रोम हा राजा जयवर्मन सातवा याने ११८६ साली उभारलेला बौद्ध मठ. झाडांच्या मुळांनी कवटाळलेल्या या वास्तूच्या डागडुजीत आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने हातभार लावला आहे. तेथील लेखाप्रमाणे ३१४० गावांतील ७९३६५ माणसे मठाच्या सेवेस लावलेली होती. त्याच लेखात राज्यातील १०२ रुग्णालयांची नोंद आहे. त्या रुग्णालयांपैकी एकाच्या लेखात चारही वर्णांवर तेथे उपचार व्हावेत असे म्हटले आहे. आठशे वर्षांपूर्वी बौद्ध राजाने औषधपाण्याची अशी सोय केली याचा अभिमान वाटतो. तरी त्या ३१४० गावांना कोणी विचारले होते का, हा प्रश्नही आम्ही तेथेच सोडून आलो नाही. दगड वाहणारेही ख्मेरच होते, पण त्यांच्या नावाने एकही देऊळ उभे नाही.

नावाची धार

फ्नोम पेन्ह म्हणजे पेन्हची टेकडी. पेन्ह ही एक आजी. तिला नदीत वाहून आलेल्या ओंडक्यात बुद्धमूर्ती मिळाल्या आणि त्यांच्यासाठी तिने टेकडीवर विहार बांधला, अशी आख्यायिका आहे. राजधानीला साध्या म्हातारीचे नाव, हे आम्हाला फार आवडले.

त्याच शहरात तुओल स्लेंग आहे. ती पूर्वी शाळा होती. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने तिचा तुरुंग केला. बारा हजारांहून अधिक माणसे तेथे नेली गेली, वाचली ती मोजकी. फळ्याच्या खाली बेड्या अडकवलेल्या खाटा आहेत. साऱ्या देशात सुमारे १७ लाख माणसे उपासमारीने, कष्टाने, रोगाने आणि हत्येने मेली. पैसा, बाजार, शाळा बंद झाल्या. भिक्खूंची चीवरे उतरवली गेली, विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले.

मारणारे ख्मेर आणि मरणारेही बहुतांशी ख्मेर, मग हे झाले कसे? ज्याला मारायचे त्याला आधी नावातून बाहेर काढले गेले. १९७८ साली पूर्व भागातील ख्मेर लोकांवर 'शरीर ख्मेर, मन व्हिएतनामी' असा शिक्का मारला गेला आणि त्यांची कत्तल झाली. खरा ख्मेर कोण हे ठरवण्याचा अधिकार थोड्या लोकांनी हातात घेतला. व्हिएतनामी वंशाचे लोक आणि चाम मुसलमान तर त्यांच्या हिशेबात माणसेच नव्हती. नोव्हेंबर २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने त्या राजवटीच्या हयात पुढाऱ्यांना वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले, तोवर चाळीस वर्षे गेली होती.

या शब्दाला जोडून आज अनेक नावे आहेत. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, व्हिएतनामच्या हद्दीत राहणारे ते 'ख्मेर क्रोम', म्हणजे खालचे ख्मेर. डोंगरातल्या आदिवासींना सिहानूक यांच्या काळात 'ख्मेर लेऊ', वरचे ख्मेर, असे नाव देण्यात आले. त्यांच्या स्वतःच्या भाषा वेगळ्या आहेत. चामांना 'ख्मेर इस्लाम' म्हटले गेले. आपल्यात घेण्यासाठी दिलेली ही नावे आहेत, पण ज्यांना दिली त्यांना विचारून दिली असे नाही. १९९३ च्या संविधानाने बुद्ध धम्म हा राजधर्म केला आणि वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म यांचा भेद न करता समानता दिली. मात्र ती 'ख्मेर नागरिकांना' अशा शब्दांत दिली. मग पिढ्यानपिढ्या तोन्ले साप सरोवरावर होडीत राहणारा व्हिएतनामी कोळी या शब्दात बसतो का? हा वाद तेथे मिटलेला नाही. संविधानातील एकेका शब्दाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको.

या अंधारात आम्हाला एक नाव उजेडासारखे वाटले, भदन्त महा घोसानंद. ते आपल्या बिहारमध्ये, नालंदा येथे पालीचे अध्ययन करून गेले होते. ख्मेर रूज राजवटीत त्यांचे सारे कुटुंब गेले. थायलंडच्या सीमेवरील निर्वासित छावण्यांत जाऊन त्यांनी बांबूचे विहार उभे केले आणि धम्मपदातील वैराविषयीची गाथा लोकांसोबत म्हटली. १९९२ साली त्यांनी धम्मयात्रा काढली. निर्वासितांना घेऊन, सुरुंग पेरलेल्या मुलखातून, पायी. पुढे ती यात्रा दरवर्षी निघू लागली. २००७ साली त्यांचे निर्वाण झाले. विहारातल्या आजोबांनी सांगितलेला 'खेम' त्यांनी पायांनी चालून दाखवला.

आम्ही परतल्यानंतर, २०२५ च्या जुलैमध्ये, थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवर पुन्हा तोफा धडधडल्या. दोन्हीकडे बुद्धवंदना करणारी माणसे, दोन्हीकडे ख्मेर बोलणारी गावे. सुरीनच्या ज्या खेड्यांनी तो 'र' जपला, तेथील लोकही घरे सोडून पळाले.

तेव्हा ख्मेर शब्दाचा अर्थ काय, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर असे. शब्दाचे मूळ त्यांच्या जुन्या भाषेत आहे आणि त्याचा मूळ अर्थ कालौघात हरवला आहे. राजांनी त्यात ऋषी-अप्सरा घातल्या, भिक्खूंनी 'क्षेम' घातला, हुकूमशहांनी रक्त घातले. हे तिन्ही अर्थ माणसांनीच दिले, म्हणून त्यांतला कोणता जगवायचा हेही माणसांच्याच हातात आहे. आपल्या घरातल्या मुलांनी 'ख्मेर' म्हटल्यावर फक्त कवट्या आठवू नयेत. त्यांना पेन्ह आजी सांगा, नवरीच्या उपरण्याचे टोक धरून चालणारा नवरा सांगा, शके ६०५ चे टिंब सांगा. आणि पुढच्या पौर्णिमेला विहारात महामंगल सुत्त म्हणताना 'खेम' शब्दाशी क्षणभर थांबा. त्याच पौर्णिमेला मेकाँगच्या काठी कोणी तरी तोच शब्द निराळ्या उच्चाराने म्हणत असेल.